ओकोन्क्वोच्या शेजारी कोण उभं आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए. इंग्रजीला चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही नायजेरियातल्या इबो समाजावरची कादंबरी नेमलेली आहे. कादंबरी एकदा वाचून झाली. गाईडमधून पात्रांचे स्वभावविशेष उतरवून घेतलेत, 'महत्त्वाचे उतारे' म्हणून काही वाक्यं पाठही केलीत. तरी संदर्भासह स्पष्टीकरणाचा प्रश्न समोर आला की 'हे वाक्य अमुक माणूस तमुकला म्हणतो' याच्या पुढे पेन सरकत नाही. शिवाय ओकोन्क्वो तुम्हाला अजिबात आवडलेला नाही. बायकांवर हात उगारणारा, आपल्याला बाप म्हणणाऱ्या पोरावर कोयता चालवणारा माणूस. त्याला नायक म्हणून पानंच्या पानं कशी लिहायची? आणि ही सगळी नावं लक्षात कशी ठेवायची?

मी पदव्युत्तर वर्गाला ही कादंबरी बरीच वर्षं शिकवते आहे आणि हे तिन्ही प्रश्न दरवर्षी येतात. नावांचं शेवटी बघू, ते सोपं आहे. पहिले दोन प्रश्न मला वेगवेगळे वाटत नाहीत. तुमच्याकडे पात्रं एका वहीत आहेत आणि उतारे दुसऱ्या. पात्रांच्या वहीत विशेषणं: शूर, कष्टाळू, तापट, हट्टी, अपयशाला घाबरणारा. ही यादी आपल्याकडच्या ग्रामीण कादंबरीतल्या कुठल्याही पाटलाला लावली तरी खपून जाईल. उताऱ्यांच्या वहीत सुटी वाक्यं. दोन्ही वह्यांत प्रसंगच नाही. कोण कुठे उभं होतं, कोणी काय केलं, कोणी काय करायचं टाळलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून उतारा समोर आला की पात्र आठवत नाही आणि पात्रावर लिहायचं म्हटलं की उतारा सुचत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमच्या विद्यापीठाचा पेपर छोट्या प्रश्नांचा असेल तर घटनांचा क्रम आणि नावं यांनाच जास्त मार्क. मग खालचं बरंचसं तुम्हाला चैनीचं वाटेल. दीर्घोत्तरी असेल तर मात्र हेच कामाचं. हाताशी चारच दिवस असतील तर सगळी पंचवीस प्रकरणं पुन्हा वाचायच्या फंदात पडू नका. 3, 7, 8, 13, 24 आणि 25 एवढी सावकाश वाचा. आणि गाईड फेकून द्या असं मी म्हणणार नाही. कोण कोणाचा कोण, हे बघायला ते बरं असतं. त्यातला 'ओकोन्क्वो हा शोकात्म नायक आहे' हा परिच्छेद तेवढा उतरवू नका. तपासणाऱ्यानं त्या दिवशी तो कितीतरी पेपरांत वाचलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. अचेबे निवेदक म्हणून फार क्वचित निकाल देतात. ओकोन्क्वोनं काही केलं की त्याच प्रसंगात ते दुसरा कोणीतरी माणूस आणून उभा करतात. हा दुसरा माणूस उमुओफियाचाच, म्हणजे ओकोन्क्वोच्याच गावचा असतो, त्याच देवांना मानणारा, त्याच रीतीभातींत वाढलेला. आणि तो वेगळं वागतो. ओकोन्क्वो कसा आहे हे आपल्याला कळतं ते या फरकातून. म्हणून उतारा वाचताना मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावते: इथे आणखी कोण उभं आहे? त्याचं उत्तर नीट देता आलं की विशेषणं शोधावी लागत नाहीत.

सातवं प्रकरण घ्या. इकेमेफुना हा म्बाइनो गावचा मुलगा. त्या गावात उमुओफियाच्या एका बाईचा खून झाला, त्याच्या भरपाईत हा मुलगा उमुओफियाला मिळाला आणि ओकोन्क्वोच्या घरी तीन वर्षं राहिला. ओकोन्क्वोच्या मुलाचा, न्वोयेचा तो थोरल्या भावासारखा झाला, ओकोन्क्वोला बाप म्हणू लागला. प्रकरणाच्या पूर्वार्धात टोळ येतात आणि सगळं गाव आनंदानं ते गोळा करायला बाहेर पडतं, कारण टोळ खातात, भाजून, वाळवून. बापलेक ओकोन्क्वोच्या झोपडीत बसून ते खात असतानाच एझेउदू येतो. वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस, एकेकाळचा नावाजलेला लढवय्या. तो ओकोन्क्वोला बाजूला नेऊन सांगतो: डोंगर आणि गुहांच्या देवाचा कौल झाला आहे, मुलाला मारायचं ठरलं आहे. पण तो तुला बाप म्हणतो. त्याच्या मरणात तुझा हात असू देऊ नकोस.

इथे थांबा. गाईडमध्ये हा प्रसंग 'देवाच्या आज्ञेपुढे व्यक्तीची असहायता' असा येतो. पण एझेउदू तर कौल नाकारत नाही. मुलगा मरणार हे त्याला मान्य आहे. त्याचं म्हणणं एवढंच की तू त्यात पडू नकोस. म्हणजे रीत ओकोन्क्वोला घरी बसायची मुभा देते. जाणं त्याचं स्वतःचं. 'संस्कृतीनं त्याला भाग पाडलं' असं लिहिणाऱ्याचं उत्तर एझेउदूच्या त्या दोन वाक्यांत खोटं ठरतं.

मग ती वाट. इकेमेफुनाला घरी पोचवतो असं सांगितलेलं आहे. त्याच्या डोक्यावर ताडीचं मडकं आहे, मनात आई. लहानपणीचं एक गाणं तो मनातल्या मनात म्हणतो आणि त्याच्या तालावर पावलं टाकतो: गाणं उजव्या पावलावर संपलं तर आई जिवंत, डाव्यावर संपलं तर नाही. असले खेळ आपणही रस्त्यावर चालताना खेळलेले असतात, त्यामुळे इथे वर्गात हमखास शांतता पसरते. मागून कोणीतरी घसा खाकरतो. मुलगा वळून बघतो आणि त्याच्या लक्षात येतं की ओकोन्क्वो मागे, रांगेच्या शेवटी सरकला आहे. खाकरणारा माणूस कोयता उगारतो तेव्हा ओकोन्क्वो तोंड फिरवतो. वार झाल्याचं त्याला ऐकू येतं, मडकं वाळूत पडून फुटतं. आणि 'बाबा, यांनी मला मारलं' असं ओरडत मुलगा त्याच्याचकडे धावत येतो.

क्रम बघा: तो मागे सरकला होता. त्यानं तोंड फिरवलं होतं. म्हणजे एझेउदूचं म्हणणं अर्धवट का होईना, तो पाळत होता. वार त्यानं केला तो मुलगा त्याच्याकडे आल्यावर, भीतीनं भांबावून. पुढचं वाक्य अगदी छोटं आहे: आपल्याला कोणी दुबळं समजेल याची त्याला भीती वाटली. हे वाक्य सगळे पाठ करतात, पण त्या आधीची मान फिरवणारी हालचाल कोणी लिहीत नाही. ती लिहिलीत की तुमच्या दुसऱ्या प्रश्नालाही वाट मिळते. हा माणूस निर्दय असता तर तोंड फिरवलंच नसतं. त्याला माया आहे, आणि तिचीच त्याला लाज वाटते.

त्याच संध्याकाळी बाप घरी येतो आणि न्वोयेला न सांगता कळतं. त्याच्या आत ताणलेल्या धनुष्याची दोरी तुटावी तसं काहीतरी तुटतं. असंच काहीतरी त्याला त्या आधी एकदा जाणवलं होतं: सुगीच्या दिवसांत शेतावरून परतताना, अशुभ मानून रानात टाकून दिलेल्या जुळ्यांचं रडणं ऐकून. या दोन गोष्टी अचेबे इथे जोडून ठेवतात आणि सोळाव्या प्रकरणापर्यंत गप्प बसतात. तिथे मिशनरी येतात. न्वोये त्यांच्याकडे ओढला जातो तो तर्कानं पटून नव्हे. त्रैक्याचं, म्हणजे तिघांत एकच देव असण्याचं गणित त्याला मुळीच कळत नाही. अंधारात बसलेल्या भावंडांचं एक गाणं तो ऐकतो आणि त्या गाण्यात त्याला जुळी मुलं आणि इकेमेफुना या दोन्हींचं उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. पुढे बाप्तिस्मा झाल्यावर तो आयझॅक हे नाव घेतो. बायबलमधला आयझॅक म्हणजे ज्याच्यावर बापानं सुरी उगारली होती तो मुलगा. अचेबे स्वतः ओगिडी गावच्या एका ख्रिस्ती धर्मप्रचारकाच्या घरात वाढले. हे नाव त्यांनी सहज दिलं असेल असं मला वाटत नाही.

आठवं प्रकरण सातव्याला जोडूनच वाचायला हवं, आणि इथे बहुतेक जण घाई करतात. वरवर पाहता त्यात विशेष काही घडत नाही. दोन दिवस अन्नाला न शिवलेला ओकोन्क्वो आपला मित्र ओबिएरिकाकडे जातो. तू आमच्याबरोबर का आला नाहीस, असं विचारतो. ओबिएरिकाचं उत्तर परीक्षेत कायम येतं: माझा मुलगा मारायचा असा कौल झाला तर मी वाद घालणार नाही, पण मारणाराही मी असणार नाही. एझेउदूच्याच वाटेवरचा हा माणूस. मात्र तो तेवढ्यावर थांबत नाही. त्याच प्रकरणात तो मोठ्या उपाधीच्या माणसानं ताडावर चढायचं नाही या नियमाबद्दल कुरकुरतो. हा नियम आपल्याकडे आला कुठून कोण जाणे, दुसऱ्या कुळांत तर नाही, म्हणतो. ओकोन्क्वो लगेच नियमाची बाजू घेतो. मग एका वृद्ध जोडप्याची बातमी येते: न्डुलुए गेला आणि त्याच्या पाठोपाठ बायकोही. दोघांचं मन एक होतं, तरुणपणी तो तिला सांगितल्याशिवाय काही करत नसे. ओकोन्क्वो बुचकळ्यात पडतो. तो तर बळकट होता ना? हो, ओबिएरिका म्हणतो, तरुणपणी त्यानं उमुओफियाला लढाईत नेलं होतं. बळ आणि मऊपणा एका माणसात नांदू शकतात, हे ओकोन्क्वोच्या डोक्यात शिरतच नाही.

आणि मग ओबिएरिकाच्या मुलीची सोयरीक ठरते. देज किती, हे तोंडानं न बोलता हिरांच्या जुडीनं ठरवतात. मुलीकडचे तीस काड्या पुढे करतात. वरपक्ष उठून बाहेर जातो, आपापसांत बोलून येतो आणि पंधरा काड्या परत देतो. ओबिएरिकाकडचे त्यात आणखी घालून जुडी पुन्हा पुढे करतात, आणि शेवटी वीसवर सौदा मिटतो. हे वर्णन 'इबो लोकजीवन' म्हणून बाजूला काढून ठेवू नका. ज्या समाजात एवढी नाजूक बोलणी शब्दाविना, कोणाचा पाणउतारा न करता होतात, त्याच समाजात कालपरवा एका पोराचा जीव गेला. अचेबे दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतात आणि तुमच्यासाठी निकाल सोपा करत नाहीत.

ओबिएरिका म्हणजे लेखकाचा शहाणा प्रतिनिधी, असं मात्र लिहू नका. तेराव्या प्रकरणात एझेउदूच्या अंत्यविधीत ओकोन्क्वोची बंदूक फुटते आणि मेलेल्या म्हाताऱ्याचा सोळा वर्षांचा मुलगा जागीच मरतो. ज्यानं 'या मरणात हात घालू नकोस' म्हणून सांगितलं होतं, त्याच्याच घरचं पोर. प्रकरणाच्या सुरुवातीला ढोलाचा आवाज ऐकताच ओकोन्क्वोला त्याचे ते शब्द आठवून शहारा येतो, तेव्हा हा दुवा तुम्ही शोधलेला नाही, लेखकानंच ठेवलेला आहे. अपघात असला तरी भूमातेचा गुन्हा. सात वर्षं आजोळी, म्बांटाला राहायचं. पहाटे गावकरी येऊन त्याची घरं जाळतात, भिंती पाडतात, आणि त्यांच्यात ओबिएरिकाही असतो. मनात राग नाही, भूमी शुद्ध करायची एवढंच. घरी आल्यावर तो विचार करतो की नकळत झालेल्या चुकीची एवढी शिक्षा का? आणि मग त्याला स्वतःची टाकून दिलेली जुळी आठवतात. म्हणजे त्यानंही टाकली होती. प्रश्न पडणं आणि तरीही रीत पाळणं, हे त्याचं वैशिष्ट्य. ओकोन्क्वोला प्रश्नच पडत नाहीत. न्वोयेला पडतात आणि तो निघून जातो. तीन माणसांची तुलना करायला सांगितली तर एवढा सांगाडा पुरे.

आता उताऱ्याचं उत्तर प्रत्यक्ष कसं लिहायचं, ते एका उदाहरणानं दाखवते. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी उनोका, म्हणजे ओकोन्क्वोचा बाप, त्याला सांगतो: खचू नकोस, तुझं मन मानी आहे, सगळ्यांचंच नुकसान झालं तर मानी मन ते सोसतं, कारण त्यानं मान दुखावत नाही. माणूस एकटा हरतो तेव्हा ते फार जड जातं, फार कडू लागतं.

पहिल्या दोन ओळींत जागा सांगा. ओकोन्क्वोनं न्वाकिबिए या गावातल्या श्रीमंत माणसाकडून अर्धेलीपेक्षाही वाईट अटींवर आठशे यामचं (याम म्हणजे तिथलं मुख्य पीक, एक कंद) बियाणं घेतलं, पिकाचा तिसरा हिस्साच त्याचा, आणि नेमकं ते वर्ष आधी दुष्काळाचं आणि मग अतिपावसाचं निघालं. त्या वर्षी गावातल्या एका माणसानं झाडाच्या फांदीला वस्त्र बांधून गळफास घेतला, हे त्याच पानांत एका ओळीत येऊन गेलंय. ते जरूर लिहा. मग, कोण उभं आहे? बोलणारा उनोका. आळशी, कर्जबाजारी, बासरी वाजवणारा, ज्याच्यासारखं होऊ नये म्हणून मुलगा आयुष्यभर धडपडतो तो. ऐकणारा ओकोन्क्वो, आणि उनोका बोलून झाल्यावर निवेदक सांगतो की म्हातारपणामुळे आणि आजारामुळे तो फार बोलायला लागला होता आणि मुलाला ते सहन होत नसे. म्हणजे कादंबरीतलं सगळ्यात अचूक भाकीत गावानं निकामी ठरवलेल्या माणसाच्या तोंडी आहे आणि ज्याच्यासाठी आहे त्यानं ते ऐकलेलंच नाही.

यानंतर हा उतारा पुढच्या कुठल्या प्रसंगाला जाऊन भिडतो ते सांगा, बस. चोविसाव्या प्रकरणात ओकोन्क्वो गोऱ्या सरकारच्या कोर्टाच्या शिपायाचं मुंडकं उडवतो. लोक गोंधळतात, बाकीच्या शिपायांना पळून जाऊ देतात, आणि गर्दीतून आवाज येतो: यानं असं का केलं? गाव लढणार नाही हे त्याला तिथेच कळतं. तो कोयता वाळूत पुसतो आणि निघून जातो. दुष्काळ सगळ्यांचा होता, तो त्यातून तरला. इथे तो एकटा हरला. शेवटी तोही झाडाला लटकलेला सापडतो. अंगाला सूज येऊन मरणं हा भूमातेचा विटाळ, म्हणून उनोकाला मरायला दुष्ट अरण्यात नेऊन टाकलं होतं. आत्महत्याही विटाळच, म्हणून ओकोन्क्वोच्या प्रेताला भावकी हात लावू शकत नाही. बापासारखं होऊ नये म्हणून झटलेल्या माणसाच्या वाट्यालाही शेवटी स्वकीयांच्या हातची मूठमाती नाही. एवढं लिहिलंत तर दीड पान सहज भरतं आणि त्यात एकही विशेषण गाईडचं नसतं.

तुमच्या नावडीबद्दल. ती लपवू नका, पण पुराव्यानिशी मांडा. यासाठी दहावं प्रकरण फार उपयोगी आहे. उझोवुलू नावाच्या माणसानं बायकोला इतकं मारलं की तिचे भाऊ येऊन तिला घेऊन गेले, आणि न्यायनिवाड्याला नऊ एग्वुग्वु बसलेत, म्हणजे मुखवटे चढवून पूर्वजांचं रूप घेतलेली गावची माणसं. निकाल असा: सासरवाडीला ताडी घेऊन जा आणि बायकोला परत यायची विनवणी कर, बाईशी लढण्यात कसलंही शौर्य नाही. आता थोडं मागे जा. एग्वुग्वु बाहेर येतात तेव्हा निवेदक म्हणतो की दुसऱ्या एग्वुग्वुची उसळती चाल ओकोन्क्वोच्या बायकांनी ओळखलीही असेल, आणि तो आज वडीलधाऱ्यांच्या रांगेत दिसत नाही हेही त्यांच्या लक्षात आलं असेल. पण त्या काही बोलल्या नाहीत. म्हणजे हा निकाल दिला जातो तेव्हा न्यायासनावर मुखवट्याआड ओकोन्क्वो स्वतः बसलेला आहे, आणि ज्यांनी त्याचा मार खाल्लाय त्या बायका समोर उभ्या आहेत. कादंबरी त्याला माफ करते असं म्हणणाऱ्यानं हे पान वाचलेलं नसतं.

आणि त्याच्या उलट बाजूला अकरावं-बारावं. अगबाला देवाची पुजारीण चिएलो रात्री एझिन्माला पाठुंगळी घेऊन गुहेकडे जाते. तिची आई एकवेफी, ओकोन्क्वोची बायको, जिची दहापैकी नऊ मुलं गेली आणि ही एकच उरली, अंधारात मागे मागे धावते. गुहेच्या तोंडाशी ती बसलेली असताना कोयता घेतलेली एक आकृती येते आणि ती दचकते. तो ओकोन्क्वो असतो. बारीकसा तपशील पुढच्या प्रकरणात, जाता जाता येतो: तो त्या रात्री चौथ्यांदा तिथे आला होता. आधीच्या तीन खेपांना कोणी सापडलं नाही म्हणून परत गेला होता आणि आता फार घाबरला होता. पुन्हा तीच गोष्ट: माया आहे, पण ती अंधारात, कोणी बघत नसताना. तुम्हाला तो न आवडताही त्याच्यावर नीट लिहिता येईल, फक्त ही दोन प्रकरणं एकाच उत्तरात आणा. 'नायक' हा शब्द वापरायचाच असेल तर कादंबरीतला प्रमुख माणूस एवढ्याच अर्थानं वापरा आणि पुढे चला.

आपल्या विद्यार्थ्यांना अठरावं प्रकरण लगेच भिडतं. ओसू म्हणजे देवाला वाहिलेले लोक, त्यांची मुलंबाळंही तशीच. वस्ती वेगळी, स्वतंत्र घराण्यातल्यांशी लग्न नाही, सभेत जागा नाही, केस कापायचे नाहीत. ते चर्चमध्ये येतात तेव्हा आधी बाटलेलेच विरोध करतात. यावर 'अगदी आपल्या अस्पृश्यतेसारखं' असं एका ओळीत लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. साम्य खरं आहे आणि महाराष्ट्रातला वाचक ते ओळखणारच. पण ओसूपण देवाला वाहण्यातून आलेलं आहे, बलुत्यासारख्या कामाच्या वाटणीतून नव्हे, हा फरक सांगून मग साम्य लिहा. पूर्व नायजेरियात ही प्रथा कायद्यानं रद्द झाली ती 1956 मध्ये, कादंबरी प्रसिद्ध व्हायच्या दोन वर्षं आधी. कायद्यानं ती मनातून गेली नाही हे अचेबे यांनीच 1960 च्या 'नो लाँगर ॲट ईज'मध्ये दाखवलं: तिथे न्वोये, म्हणजे आता म्हातारा झालेला आयझॅक, मुलानं ओसू मुलीशी लग्न करू नये म्हणून अडून बसतो. बापाचं घर आणि देव सोडून गेलेला तोच मुलगा. हा दुवा दिलात तर तपासणारा थांबून वाचतो.

शेवटच्या प्रकरणावर एवढंच. प्रेत खाली उतरवायला तुमची माणसं मदत करतील का, असं ओबिएरिका ब्रिटिश जिल्हा कमिशनरला विचारतो. या लोकांना फालतू शब्द फार आवडतात, अशी कमिशनरची तक्रार आहे. पहिल्या प्रकरणात म्हणींना बोलण्यातलं तेल मानणाऱ्या समाजाबद्दल तो हे म्हणतोय. मग ओबिएरिका प्रेताकडे एकटक बघता बघता एकदम वळतो: उमुओफियातल्या सगळ्यात मोठ्या माणसांपैकी हा एक, तुम्ही याला मरायला लावलंत आणि आता हा कुत्र्यासारखा पुरला जाईल. पुढे त्याला बोलवत नाही. एक शिपाई उगाचच 'गप्प बस' म्हणून ओरडतो. हा शिपायाचा ओरडा गाळू नका. गप्प झालेल्या माणसाला गप्प बसवणारं ते राज्य आहे. आणि कमिशनर आपल्या पुस्तकाचा विचार करत निघतो, या माणसावर एक प्रकरण, निदान बऱ्यापैकी एखादा परिच्छेद तरी होईल. आतापर्यंत ओकोन्क्वोच्या प्रत्येक प्रसंगात त्याला ओळखणारं कोणीतरी शेजारी उभं होतं. इथे पहिल्यांदा निकाल लिहिणारा त्याला ओळखतच नाही.

'ची', म्हणजे प्रत्येक माणसाचं स्वतःचं दैवत, या कल्पनेवर प्रश्न आला तर चौथं आणि चौदावं प्रकरण समोरासमोर ठेवा: आधी म्हटलंय की माणूस हो म्हणाला की त्याची चीही हो म्हणते, नंतर ओकोन्क्वोला आजोळी वाटतं की आपण हो म्हटलं तरी आपली ची नाहीच म्हणाली. दोन्हींत विसंगती आहे आणि ती तशीच लिहा, सोडवायला जाऊ नका.

नावांसाठी यादी पाठ करू नका. एका कागदावर तीन घरं काढा. उमुओफियात ओकोन्क्वोचं: तीन बायका, त्यांतली एकवेफी आणि तिची एझिन्मा, थोरलीचा न्वोये, आणि उपरा इकेमेफुना. त्याच गावात ओबिएरिकाचं. म्बांटात उचेंदू मामाचं. मिशनचे तिघे, ब्राऊन, कियागा आणि स्मिथ, कागदाच्या कडेला. एझिन्मा मुलगी आणि एझेउदू म्हातारा, या दोघांची पेपरात सर्रास अदलाबदल होते, तेवढी सांभाळा. स्पेलिंग प्रत्येक नावाचं दोनदा हातानं लिहून बघा, मोबाईलवर टाइप करून नव्हे.